पार्श्वभूमी : घराचा साचा कोणत्या वर्षीचा?

राहत्या घराच्या आठवणीतून शिल्प घडवण्याची वाट 1990 मध्ये लंडनमध्ये ठळक झाली. एका शिल्पकर्तीने आपल्या बालपणीच्या घरासारख्याच एका घरातल्या खोलीचा आतून प्लास्टर ओतून साचा घेतला. भिंतींमधली पोकळीच घट्ट उभी राहिली. 1993 मध्ये तिने अख्खे घर काँक्रीटमध्ये ओतले. जानेवारी 1994 मध्ये ते पाडण्यात आले. पुढे 1999 मध्ये सोलच्या एका कलावंताने लहानपणीचे घर रेशमी कापडात शिवले.

नवी मुंबईत हा विषय निघाला की गाडी सीबीडी बेलापूरच्या सेक्टर 8 मधल्या आर्टिस्ट व्हिलेजवर येऊन अडते. 1983 ते 1986 या काळात बांधलेल्या या वसाहतीत सात-सात घरे एका अंगणाभोवती होती आणि अशा तीन गटांमध्ये एक मोठा चौक. भूखंड साधारण 45 ते 75 चौरस मीटरचे. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावायची नाही, हा त्यातला महत्त्वाचा निर्णय. कुटुंबाला ऐपत येईल तसे घर वाढवता यावे, म्हणून.

लोकांनी घरे वाढवलीच. कौले उतरली, स्लॅब पडले, मजले चढले. कित्येक मूळ घरे पाडून तिथे बंगले झाले. काहींच्या मते यात आराखड्याचा जीव गेला. वाढायला दिलेले घर वाढले, तर त्यात आराखड्याचा पराभव कसला? तरीही आठवणीतली वसाहत म्हटली की डोळ्यांसमोर कौलारू, पांढरे, पहिल्या दिवसाचे घरच आणले जाते. तिथे वाढलेल्या मुलांनी दारातली रेतीची रास पाहिली, त्यावर पाणी मारणारे वडील पाहिले, पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर मोकळ्या ठेवलेल्या गंजक्या सळ्या पाहिल्या. त्या सळ्या छाटून केलेले शिल्प अर्धेच.

वाशीच्या जुन्या इमारतींची गोष्ट निराळी. तिथे छताचे प्लास्टर कोसळत राहिले, धोकादायक इमारतींच्या नोटिसा आल्या आणि 2015 मध्ये पुनर्विकासासाठी अडीच चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकाम, मंजूर झाला. आता तिथे टॉवर उठत आहेत. या खोल्यांचा साचा घ्यायचा तर रहिवासी बाहेर पडल्यानंतर आणि पाडकाम सुरू होण्याआधीच घ्यावा लागेल.