बोरिंगचं पाणी आणि दातांवरच्या रेघा

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे, तेलंगणाच्या सीमेकडे निघालं की कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे छोट्या वस्त्या, लागतात. खडकातून विरघळून आलेलं फ्लोराइड ज्याच्या पाण्यात आहे अशा एखाद्या पोडावर गेलात तर आधी आजीचे दात बघा, मग नातवाचे. आजीचे तंबाखूने काळवंडलेले असतील, निम्मे पडलेलेही असतील, पण उरलेल्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा सहसा दिसत नाहीत. नातवाच्या पुढच्या दातांवर त्या दिसतात, डावीउजवीकडे सारख्याच. राखुंडीने घासा नाहीतर पेस्टने, रेघ जात नाही, कारण ती दातावर बसलेली नाही. कायमचे दात हिरडीच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतात आणि त्या वर्षांत पोर जे पाणी पितं त्याची खूण दातात राहते. आजीचं बालपण नाल्यातल्या झिऱ्यावर आणि उघड्या विहिरीवर गेलं. नातवाचं बोरिंगवर. इकडे हातपंपालाही बोरिंगच म्हणतात.

जुनं पाणी चांगलं होतं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, बुडवायचा, त्याच पाण्यात पाय बुडायचे आणि तेच पाणी पिऊन नारू व्हायचा. पायातून हळूहळू बाहेर येणारा तो दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे. हगवण आणि पटकी तर होतीच. ज्यांनी हे पाहिलंय, ते हातपंपाला नावं ठेवत नाहीत. मीही ठेवणार नाही.

पंप आले ते दुष्काळाच्या मागोमाग. १९६७ च्या सुमारास बिहारच्या दुष्काळात युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रं भारतात आणली. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली तीही त्याच काळात. भोक पाडणं सोपं झालं, पण वरचा पंप टिकेना. ओतीव लोखंडाचे, एका घरासाठी बनवलेले पंप अख्ख्या गावाने हापसले की काही महिन्यांत मोडायचे. त्यावरचा तोडगा आपल्याच राज्यातला. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी वेल्डिंग केलेला पोलादी पंप बनवला, त्यावरून सोलापूरचा पंप आला आणि सोलापूरच्या पंपावरून ‘इंडिया मार्क टू’. तोच पुढे देशभर आणि देशाबाहेरही गेला. आज विदर्भातल्या कुठल्याही शाळेच्या आवारात जो लांब दांड्याचा पंप दिसतो तो हाच, किंवा त्याचा धाकटा भाऊ.

सरकारी निकष होता २५० माणसांमागे एक पंप आणि माणशी रोज ४० लिटर पाणी. म्हणजे हिशेब पंपांचा आणि लिटरांचा. त्या लिटरात विरघळलेलं काय आहे, हा प्रश्न मागून आला.

खरं तर तो कळायला उशीर व्हायचं कारण नव्हतं. फ्लोराइडने हाडं आणि दात बिघडतात, हे मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात १९३७ सालीच नोंदलं गेलं होतं. फ्लोराइड कोणी ओतत नाही, ते खडकात असतं. वणीकडचे लोक कोळशाच्या खाणींवर बोट ठेवतात, कापूसवाले फवारणीवर. दोन्हींचे त्रास वेगळे आणि खरे आहेत, पण हे दुखणं बहुतांशी त्यांचं नाही. उघडी विहीर पावसाचं, दरवर्षी बदलणारं पाणी देते. दोनशे फुटांवरचं पाणी मात्र खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. मुरता मुरता त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, मातीला आणि खडकाला जातो आणि बदल्यात सोडियम पाण्यात येतो. कॅल्शियम असतं तोवर ते फ्लोराइडला बांधून ठेवतं. ते कमी झालं की फ्लोराइड मोकळं.

गाव फसतं ते इथेच. कॅल्शियम कमी म्हणजे पाणी हलकं. त्यात तुरीची डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, चव गोड लागते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातलं पाणी पहिल्या घोटालाच जीभ नाकारते. फ्लोराइडला मात्र ना वास, ना रंग, ना चव. उकळलं तर जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. कोरा चहा दिवसातून चारदा उकळणाऱ्या घरात तर चहापत्तीतलं फ्लोराइडही त्यात भर घालतं.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ च आहे, पण तो माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो असं धरून काढलेला आहे. मे महिन्यात ४५ अंशांत पऱ्हाटीच्या काड्या उपटणारी बाई दोन लिटरवर भागवते का? तिने सहा लिटर प्यायलं तर दोन लिटरवाल्याच्या पोटात ३ मिलिग्रॅम जातात तिथे तिच्या पोटात ९ जातात, आणि पाण्याचा नमुना कागदावर ‘पिण्यास योग्य’ असतो. संघटनेने स्थानिक हवामान बघून मानक ठरवा असंही म्हटलंय. ते वाक्य आमच्याकडे कोणी फारसं वाचलेलं दिसत नाही.

दात ही सुरुवात. पुढे मान वळत नाही, कंबर वाकत नाही, गुडघे आत वळतात. हे व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे माणूस ते वयावर आणि कामावर ढकलतो.

१९८६ मध्ये केंद्राने पिण्याच्या पाण्याचं तंत्रज्ञान मिशन काढलं. त्याच्या उपमिशनांत एक होतं नारू निर्मूलनाचं, दुसरं फ्लोराइड नियंत्रणाचं. एका टेबलावर जुन्या विहिरीचा रोग, शेजारच्या टेबलावर नव्या बोरिंगचा. पहिलं काम फत्ते झालं आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. दुसरं अजून चालूच आहे.

उपाय नव्हता असंही नाही. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नलगोंडा पद्धत बसवली. पाण्यात चुना आणि तुरटी मोजून टाकायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. प्रयोगशाळेत सरळ, पण गावात रोज पहाटे कोण मोजणार, तुरटी संपली की कोण आणणार, आणि तो गाळ कुठे टाकणार? पुढे पंपाला जोडायची गाळणी आली, तीही वेळेवर धुतली नाही की नुसती टाकी उरते. शेवटी सोपं काम झालं ते लाल रंगाचं. पंपावर फुली मारायची आणि पाणी पिऊ नका म्हणायचं. बिनफुलीचा पंप टोल्याच्या दुसऱ्या टोकाला असेल तर भरला गुंड डोक्यावर घेऊन तिकडून कोण येतं? फुली ऊन-पावसात उडते आणि पंप चालूच राहतो.

मधल्या काळात पाणी आणखी खाली गेलं. कपाशीला ठिबक आलं, शेतोशेती बोअर पडले. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला राज्याच्या भूजल कायद्याची मनाई आहे, तरी बोअर पाडणारा गाडीवाला सीझनला किती फूट पाडतो ते चौकात विचारलं तर कळतं. गावाचा पंप कोरडा पडला की त्यालाही खाली जावं लागतं, आणखी जुन्या पाण्याकडे. मग आरओ, म्हणजे पाणी बारीक पडद्यातून गाळणारं यंत्र, आलं. पाच रुपयांचं नाणं टाका, कॅन भरा. यंत्र फ्लोराइड काढतं हे खरं, पण काढलेलं फ्लोराइड नाहीसं होत नाही. ते उरलेल्या पाण्यात दाट होतं आणि ते पाणी मागच्या नालीतून कोणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मुरतं.

२०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ आले, माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने. नदीवरून किंवा धरणावरून पाणी आलं तिथे प्रश्न खरंच हलका झाला. जिथे टाकी जुन्याच बोअरवर भरते तिथे तेच पाणी आता चुलीपर्यंत पोचतं आणि गुंड वाहायचं तेवढं वाचलं. याच योजनेत गावागावांतल्या पाच बायकांना तपासणीची पेटी वापरायला शिकवतात. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग गुलाबीच राहतो की फ्लोराइड जास्त असल्याने पिवळ्याकडे जातो ते पट्टीशी जुळवायचं. नमुना पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, असा दोनदा घ्यायला हवा. दिवाळीच्या सुमारास विहिरी भरलेल्या असतात, पावसाने पाणी पातळ झालेलं असतं आणि रंग बहुधा गुलाबी येतो. गावाच्या फाइलीत एकच कागद लागलेला असेल, तर त्यावरचा महिना बघावा.