दोन इंचांचा हिशेब

भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी सकाळी मित्राच्या जिम्नी या मारुतीच्या ऑफ-रोड गाडीसाठी आणलेले, तिला दोन इंच उंच करणारे लिफ्ट किट खोक्यातच राहू दिले आणि आम्ही आधी ओळंबा बाहेर काढला. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली, चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या. घरच्या घरी गाडी उंच करू पाहणाऱ्याने पान्याला हात लावण्याआधी एवढा वेळ द्यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. कारण लिफ्टमध्ये उंचीबरोबर गाडीखालच्या जवळजवळ प्रत्येक दांड्याचा कोन बदलतो.

जिम्नीला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे डावे-उजवे चाक एकाच आडव्या आसाने जोडलेले. लांब स्प्रिंग घातल्यावर वर जाते ती चासी आणि बॉडी. ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा मात्र होता तिथेच राहतो. कर्जतकडच्या ओढ्यातला जो दगड आज त्या गोळ्याला घासतो, तो लिफ्टनंतरही घासणारच. गोळा वर न्यायचा तर टायर मोठे हवेत, आणि तेव्हाही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची पदरात पडते. लिफ्टमुळे बंपर चढाला टेकत नाही, उंचवट्यावर गाडीचे पोट अडकत नाही आणि मोठ्या टायरला जागा होते, एवढे खरे.

खडूच्या खुणा होत्या पॅनहार्ड रॉडसाठी. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून या दांड्याचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला जोडलेले असते. भिंतीला टेकवलेली शिडी अधिक उभी केली की तिचा पाय भिंतीकडे येतो, तसेच इथे घडते: चासी वर गेली की दांडा अधिक तिरका होतो, त्याची लांबी तीच असल्याने आडवे अंतर घटते आणि ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड बसवून हा फरक काढता येतो. पुढचा ॲक्सल त्याला चासीशी जोडणाऱ्या आर्मसह किंचित फिरतो, त्यामुळे कॅस्टर कोनही, म्हणजे पुढची चाके ज्या आसाभोवती वळतात त्याचा मागे झुकलेला कोनही, कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होते ते मुख्यतः याच कोनामुळे. म्हणून तो दुरुस्त न करता पूर्व द्रुतगती महामार्गावर गाडी वेगात नेणे मला अजिबात मान्य नाही.

कलंडण्याचा हिशेब त्याहून गंभीर आहे. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की स्थैर्याचा ढोबळ आकडा मिळतो; तो जितका कमी, तितकी गाडी कलंडायला सोपी. अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर धरला, तर तो १.०८ येतो. दोन इंचांच्या लिफ्टने गुरुत्वमध्य साधारण ४ सेंटिमीटर चढतो, कारण चाके आणि ॲक्सल खालीच राहतात; आकडा १.०१ वर उतरतो. छतावर कॅरियर आणि सामान चढले की तो आणखी घसरतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, तेव्हा किट विकत घेण्याआधीच आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारावे.

काम करताना चासी भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी, नुसत्या जॅकवर कधीही नाही. नवे शॉकअप लांब असतील तर चाके पूर्ण लोंबकळू देऊन ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का, हे पुढे-मागे दोन्हीकडे पाहावे. आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र त्या अवस्थेत पक्के आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवून, दोनदा दाबून बसती करून मगच आवळावेत, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात.