मास इफेक्ट २ घेण्याआधी हे वाचा

अंतराळात घडणारा हा व्हिडिओ गेम मागणारे बहुतेक ग्राहक आधी एकच प्रश्न विचारतात: पहिला भाग न खेळता थेट दुसरा सुरू केला तर चालेल का? चालेल. कथा कळेल, लढाईही जमेल. पण पहिल्या भागात तुम्ही कोणाला वाचवलंत, कोणाला दुखावलंत, हे सेव्ह फाइलमधून पुढे येतं आणि दुसऱ्या भागातली माणसं ते लक्षात ठेवून वागतात. सेव्ह फाइल नसेल तर हे निर्णय गेम परस्पर घेऊन टाकतो, आणि ते बरेच निष्ठुर असतात. पहिल्या भागातला एक लाडका साथीदार तर मेला असंच धरलं जातं. घाई नसेल तर पहिल्यापासून खेळा, असं आम्ही सांगतो.

काय काढून टाकलं

गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीचा पहिला भाग २००७ साली आला, दुसरा जानेवारी २०१० मध्ये. मधल्या काळात त्यांनी आरपीजीच्या, म्हणजे पात्र घडवत खेळायच्या गेमच्या, बऱ्याच पसाऱ्याला कात्री लावली. पूर्वी ढीगभर बंदुका, चिलखतं आणि त्यांचे सुटे भाग गोळा करून सामानाची यादी चाळत बसावं लागे. आता ती यादीच नाही. समोरच्याला पटवायला किंवा दरडावायला कौशल्याचे गुण खर्च करावे लागत. आता ते तुमच्या आजवरच्या वागण्यावरून, म्हणजे पॅरागॉन (समजूतदार) आणि रेनेगेड (निष्ठुर) या दोन मोजपट्ट्यांवरून ठरतं. ग्रहांवर फिरायची माको गाडीही गेली. बंदूक तापली की थोडं थांबायचं ही जुनी रीत जाऊन थर्मल क्लिप आल्या. नाव काहीही द्या, शेवटी संपणाऱ्या गोळ्याच त्या. कथेप्रमाणे या क्लिप गेल्या दोनेक वर्षांत प्रचारात आल्या. मग दहा वर्षं एका ग्रहावर अडकून पडलेल्या लोकांकडे त्या कुठून आल्या, हे मात्र आम्हाला विचारू नका.

या काटछाटीने लढाई खूप सुधारली, हे मान्य करायला हवं. नेम धराल तिथे गोळी लागते, आडोसा नीट घेता येतो, आणि व्हॅनगार्ड हा पात्राचा प्रकार निवडलात तर बायोटिक चार्ज या शक्तीने थेट शत्रूच्या अंगावर जाता येतं. त्या एका चालीसाठी गेम पुन्हा खेळणारे लोक आहेत. उलट बाजूने, एक शक्ती वापरली की बाकीच्याही थोडा वेळ बंद पडतात. पहिल्या भागात एकामागून एक शक्ती सोडण्याची सवय झालेल्यांना हे जाचतं. शिवाय खोलीत शिरताच कमरेएवढी खोकी ओळीने मांडलेली दिसली की पुढे लढाई आहे हे आपोआप कळतं.

खरी ताकद: माणसं

कथा एका वाक्यात सांगता येते. कलेक्टर नावाचे परग्रहवासी मानवी वसाहती रिकाम्या करत आहेत, आणि जिथून कोणी परत आलेलं नाही अशा त्यांच्या तळावर कमांडर शेपर्डला, म्हणजे तुमच्या पात्राला, जायचं आहे. गेमचा बहुतेक वेळ त्या मोहिमेसाठी माणसं जमवण्यात आणि त्यांचा विश्वास मिळवण्यात जातो. दोन डीएलसीतले (मूळ गेमला जोडायच्या जादा भागांतले) धरून असे बारा साथीदार आहेत आणि प्रत्येकाचं एक खासगी काम आहे.

त्यातला मॉर्डिन पाहा. भराभर बोलणारा, गमत्या, गुणगुणणारा, सॅलेरियन या परग्रही जमातीचा शास्त्रज्ञ. क्रोगन या दुसऱ्या परग्रही जमातीची संख्या वाढू न देणारा जेनोफेज हा रोग निष्प्रभ होऊ लागला तेव्हा तो पुन्हा पक्का करणाऱ्या गटात मॉर्डिन होता. त्याच्या कामासाठी तुम्ही क्रोगनांच्याच ग्रहावर, तुचांकावर जाता आणि त्या रोगाचे परिणाम त्याच्या शेजारी उभे राहून बघता. तो आकडेवारी मांडून स्वतःचं समर्थन करतो, मग त्याचाच आवाज अडखळतो. त्याला दोष द्यायचा की साथ, हे तुम्ही ठरवायचं. दोन्ही बाजूंना वजन आहे, आणि गेम त्यावर निकाल देत नाही.

हे सगळं शेवटच्या मोहिमेत कामी येतं. तांत्रिक काम कोणाला द्यायचं, दुसऱ्या तुकडीचं नेतृत्व कोणाकडे, मागे राहून कोण लढणार, या प्रत्येक निर्णयावर माणसं जगतात किंवा मरतात. चुकीचा माणूस निवडलात, किंवा ज्याचा विश्वास मिळवला नाही त्याच्यावर भार टाकलात, तर कोणीतरी परत येत नाही. तुम्ही अगदीच ढिसाळ असाल तर शेपर्डही वाचत नाही. आमच्या मते सामानाच्या यादीतून काढून घेतलेलं आरपीजीपण इथे परत मिळतं. आकड्यांऐवजी माणसं ओळखता आली पाहिजेत, इतकाच फरक.

दोन सूचना, कथा न फोडता. जहाजाच्या सुधारणा टाळू नका. चिलखत, ढाली आणि तोफ या तीन तर नाहीच. आणि एका टप्प्यावर जहाजावर मोठा आघात होतो. त्यानंतर रेंगाळलात तर किंमत जहाजावरचे कर्मचारी मोजतात, त्यामुळे साथीदारांची कामं शक्य तितकी आधीच उरका.

जे खटकतं

सुधारणांसाठी खनिजं लागतात, आणि ती मिळवायला ग्रहांवरून संथपणे स्कॅनर फिरवत प्रोब सोडत बसावं लागतं. याचं समर्थन आम्ही करणार नाही, कंटाळवाणंच आहे. जुनी सेव्ह फाइल आणलीत तर सुरुवातीला थोडी खनिजं मिळतात, तेवढाच दिलासा.

याहून मोठी तक्रार मूळ कथेबद्दल आहे. साथीदारांची कामं बाजूला काढली तर कलेक्टरांच्या मोहिमा मोजक्याच उरतात आणि शेवटचा शत्रू तर हास्यास्पद वाटतो. पहिल्या भागात ज्या सर्बेरस संघटनेचे अघोरी प्रयोग तुम्ही उधळलेत, तिच्याच पैशावर आता जगायचं आहे. तुम्ही कुरकुर करू शकता, नाही म्हणू शकत नाही. निवडीचा डौल मिरवणाऱ्या गेममध्ये हे बोचतं. साथीदारांपैकी जेकब फिका आहे, आणि लीजनसारखा विलक्षण साथीदार इतक्या उशिरा येतो की त्याच्याशी ओळख होईतो गेम संपत आलेला असतो.

कोणती आवृत्ती घ्यावी

नव्याने घेत असाल तर मे २०२१ मध्ये आलेली लेजेंडरी एडिशन घ्या. तिच्यात तिन्ही भाग आणि त्यांच्या जवळपास सगळ्या डीएलसी आहेत. दुसऱ्या भागाची 'लेअर ऑफ द शॅडो ब्रोकर' मूळ गेमनंतर आली होती; ती वगळू नका, कित्येक मुख्य मोहिमांपेक्षा ती सरस आहे. पहिला भाग खेळायचाच नसेल तर सुरुवातीला एक चित्रकथा दिसते आणि तिच्यात मुख्य निर्णय तुम्हालाच घेता येतात. पीसीवर ही आवृत्ती १२० जीबी जागा मागते आणि प्रकाशक ईएचं खातं लागतं. पेगी (युरोपातलं वयानुसारचं) मानांकन १८ आहे, त्यामुळे मुलांसाठी घेत असाल तर आधी आमच्याशी बोला. एक्सबॉक्स ३६० किंवा पीएस३वरच्या जुन्या सेव्ह फाइल तिच्यात चालत नाहीत. तो प्रवास पहिल्या भागापासून पुन्हा करावा लागेल.