ढिगाला ताप चढला पाहिजे

चौथ्या दिवशी सकाळी ढिगात खुपसून ठेवलेला लोखंडी गज बाहेर काढायचा आणि हातात धरून बघायचा. विद्यापीठातल्या आमच्या कंपोस्ट कार्यशाळेत सगळ्यात जास्त गर्दी होते ती या क्षणाला. गज धरणारा मुलगा दोन सेकंदांत तो सोडून देतो आणि मग प्रत्येकालाच हात लावून बघायचा असतो. आत निखारा नाही, वायर नाही. होतं ते फक्त वसतिगृहाच्या मेसमधलं खरकटं, भाज्यांची देठं-सालं आणि आवारात झाडून गोळा केलेला पाला. मग ही ऊब कुठून आली?

ती जिवाणूंची. पाल्यातलं आणि अन्नातलं कर्ब ते खातात, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि या सगळ्या खटाटोपात उष्णता बाहेर पडते. आपलं अंग गरम असतं त्याचं कारणही हेच. एरवी ही ऊब हवेत विरून जाते. पण ढीग लांबी, रुंदी आणि उंचीला किमान मीटरभर असेल, तर बाहेरचा थर गोधडीसारखा काम करतो आणि ऊब आत कोंडून राहते. बादलीभर कचऱ्याचं खत होतं, पण ते असं तापत नाही. पारा 45 अंशांच्या वर गेला की साधे जिवाणू मागे पडतात आणि उष्णता सोसणारे कामाला लागतात. 55 ते 65 अंशांत ढीग तीन-चार दिवस राहिला तर रोगजंतू आणि तणांचं बी बहुतेक मरतं. 70 च्या पुढे मात्र हे कामकरीच मरू लागतात. म्हणून ढीग वेळेवर उलथावा लागतो.

आमच्या पहिल्या तुकडीचा ढीग तापलाच नाही. पाचव्या दिवशी त्याला कुजक्या अंड्यासारखा वास सुटला आणि खिडक्या बंद कराव्या लागल्याची तक्रार वसतिगृहातून आली. आम्ही तो फोडला. आत सागाची अख्खी पानं पत्रावळींच्या चवडीसारखी एकावर एक चिकटून बसली होती आणि त्यांच्या मध्ये उरलेला भात गच्च दबला होता. हवा जायला जागाच नव्हती. प्राणवायू संपला की वेगळ्याच जिवाणूंचं राज्य सुरू होतं. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, आणि तोच तो वास. शिवाय मिथेनही निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा आहे. शहराबाहेरच्या कचरा डेपोत ओला कचरा दबून पडतो तेव्हा हेच फार मोठ्या प्रमाणावर घडतं. माझ्या मते त्या तुकडीला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या बिघडलेल्या ढिगानंच.

पुढच्या वेळी पानं चुरून घेतली आणि प्रमाण पाळलं. जिवाणूंना कर्ब लागतं ऊर्जेसाठी आणि नत्र लागतं शरीरातली प्रथिनं बांधायला. एक भाग नत्राला 25 ते 30 भाग कर्ब असेल तर त्यांची भट्टी जमते. भाज्यांच्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण 15 ते 20 असतं, सुक्या पाल्यात 50 किंवा त्याहून बरंच जास्त. म्हणून एक घमेलं ओलं आणि दोन-तीन घमेली चुरलेला पाला. ओलं जास्त झालं तर अमोनियाचा वास नाकात झोंबतो, म्हणजे नत्र हवेत उडून चाललं. सुकं जास्त झालं तर वास येत नाही, पण ढीग गारच पडून राहतो. प्रयोगशाळेत मोजमाप करता येतं, पण इथे नाक पुरतं. ओलाव्याचं प्रमाणही फळ्यावर 50 ते 60 टक्के असं लिहून भागलं नाही. मेसच्या मावशींनी मूठभर माल घेऊन आवळला आणि म्हणाल्या, "मुटके वळायला पीठ लागतं ना, तेवढं ओलं. पाणी गळलं तर पाला घाल बाळा." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

हे शास्त्र आपल्याला परकं नाही. 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतकऱ्यांच्या रीती बारकाईनं पाहून थर रचण्याची, उलथण्याची पद्धत बसवली. आज जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. 1931 साली त्यावर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं नाव आहे. हे नाव मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगते.

विद्यापीठासारख्या ठिकाणी हे करायला हवं याचं कारण साधं आहे: इथे ओलं आणि सुकं दोन्ही एकाच कुंपणात आहे. समजा 300 मुलांच्या मेसमध्ये प्रत्येकाच्या ताटात 100 ग्रॅम अन्न उरलं, तर रोजचे 30 किलो झाले. आणि फाल्गुनात पानगळ लागली की पाल्याचे ढीग पेटवून दिले जातात, त्याचा धूर वर्गात येतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांवर शक्यतो आपल्याच आवारात ओला कचरा जिरवण्याची जबाबदारी टाकली. कागदावरचा नियम पाळायला फावडं धरणारे हात लागतात.

म्हणूनच एका दुपारच्या कार्यशाळेवर माझा विश्वास नाही. फोटो निघतात, प्रमाणपत्रं मिळतात, आणि ढीग माळीकाकांच्या गळ्यात पडतो. आता आम्ही नाव नोंदवतानाच पाळी लावून देतो: उलथायचे दिवस ठरलेले आणि सहा-सात आठवडे यायचं. या काळात ढीग निम्म्याहून कमी होतो, कारण कर्बाचा मोठा भाग हवेत गेलेला असतो. ऊब उतरली की बुरशी आणि अ‍ॅक्टिनोमायसीट नावाचे जिवाणू उरलेल्या चिवट भागावर बसतात. त्यांच्यापैकी काहींनी तयार केलेलं जिओस्मिन हे रसायन म्हणजेच पहिल्या पावसात मातीला येणारा वास. तो वास आला की मुलं स्वतःच खाली वाकून माल हातात घेतात.

तरीही खत पिकलं का, हे मुगाला विचारावं लागतं. एका वाटीत खत आणि माती मिसळून, दुसरीत नुसती माती घालून, दोन्हींत दहा-दहा दाणे पेरायचे. दुसऱ्या तुकडीच्या मातीत नऊ उगवले, खताच्या वाटीत चारच. मुलांचे चेहरे उतरले. मग त्यांनीच गोणपाट ओलं करून ढिगावर पुन्हा पसरलं आणि वहीत पुढच्या पंधरा दिवसांच्या पाळ्या लिहिल्या.