भाजी सडण्याआधी सुकते

काढणीनंतरच्या नुकसानीची बातमी म्हटली की रस्त्यावर ओतलेल्या टोमॅटोचा फोटो ठरलेला. पण अर्ध्या एकरात मेथी, गवार, वांगी घेणाऱ्याचं नुकसान त्याच्या बरंच आधी, तोडलेल्या ढिगावर ऊन येतं तिथेच सुरू होतं. वजनाच्या पाचेक टक्के पाणी गेलं तरी पालेभाजी मलूल दिसते आणि लिलावात मार खाते. रात्रभर माल धरून ठेवायची सोय नसली, की पुकारला जाईल तो भाव घ्यायचा.

तोडलेल्या पानाला मुळांकडून पाणी मिळत नाही, पण बाष्प बाहेर पडतच राहतं. त्याचा वेग ठरतो पानाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या, म्हणजे हवेतल्या बाष्पाच्या दाबातल्या, फरकावर. पानाच्या आतली हवा बाष्पानं जवळजवळ संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही इतकी भरलेली असते. 38 अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब 6.6 किलोपास्कल, बाहेरची आर्द्रता 25 टक्के असेल तर हवेतला दाब फक्त 1.65. फरक सुमारे 5. तीच भाजी 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेत ठेवली तर 3.2 वजा 2.9, म्हणजे फरक 0.3. पाणी ओढणारा जोर पंधरा-सोळापट घटला! तेव्हा तोडणीचा मुहूर्त पंचांगात शोधू नका, पहाटेच्या गार, दमट हवेत तोडा.

अशी हवा विजेशिवायही मिळते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1980 च्या दशकात शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार झाला. तत्त्व माठाचंच. सावलीत, वारा खेळेल अशा जागी 165 बाय 115 सेंटिमीटरचा विटांचा तळ घालायचा, त्यावर 67.5 सेंटिमीटर उंच दुहेरी भिंत. मधल्या 7.5 सेंटिमीटर फटीत नदीची धुतलेली वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू आणि विटा चिंब करायच्या, वर ओल्या गोणपाटाचं झाकण. एक लिटर पाणी उडताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं.

बिघडतं कुठे? हौसेनं बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की बाष्पीभवनच थांबतं. क्षारांच्या पाण्यानं विटांची छिद्रं बुजतात. झाकणातून भाजीवर पाणी ठिबकलं तर ती कुजते. पिकलेल्या टोमॅटोशेजारी पालेभाजी ठेवली तर त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पिवळी पडते.

आणि ही जादू नव्हे. हवा ओल्या थर्मामीटरच्या, म्हणजे टोकाला ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या, तापमानाखाली जात नाही. 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला ती मर्यादा 22 च्या आसपास. कोकणातल्या पावसाळ्यात, 30 अंश आणि 85 टक्क्यांना, जवळपास 28. तिथे हा खर्च करू नये. कांदा-लसूण तर यात कधीच ठेवू नये. एवढ्या दमटपणात त्यांना मुळं फुटतात, काजळी धरते. त्यांना हवेशीर, कोरडी कांदाचाळच हवी.