अमरनाथ यात्रेची नोंदणी: अर्ज कुठे अडतो आणि का

अमरनाथचे सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते आरोग्य प्रमाणपत्रावर. घरच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर ‘प्रकृती ठणठणीत’ असं लिहून दिलेलं चालत नाही, मग ते एमडी का असेनात. यात्रेची व्यवस्था पाहणारं श्री अमरनाथजी श्राइन बोर्ड प्रत्येक राज्यासाठी डॉक्टरांची आणि रुग्णालयांची यादी जाहीर करतं. प्रमाणपत्र त्या यादीतल्यांचंच हवं, बोर्डाच्या नमुन्यातच हवं आणि त्या वर्षी ठरवून दिलेल्या तारखेच्या आधीचं नको. 2025 साली ही तारीख 8 एप्रिल होती. हौसेने मार्चमध्येच तपासणी उरकून ठेवणारे इथे हटकून फसतात.

यादीतले डॉक्टर रजेवर निघाले की आणखी एक हेलपाटा. रोज बुडवून जिल्ह्याच्या गावी येणाऱ्याला तो फार महागात पडतो. यादीतल्या नावांसमोर वार आणि वेळ छापायला कोणाची काय हरकत आहे, कळत नाही.

प्रमाणपत्राची अट मात्र उगाच घातलेली नाही. गुहा 3,888 मीटरवर आहे. 1996 साली बर्फवादळात दोनशेहून जास्त यात्रेकरू दगावले, त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेला शिस्त लावण्याच्या शिफारशी केल्या. 2012 साली यात्रेतल्या मृत्यूंची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून नमुन्यात जुन्या आजारांचं विचारलं असेल तिथे बीपी, दमा, हृदयाचा त्रास लपवू नका. ‘लिहिलं तर नाकारतील’ म्हणून गप्प बसणारी माणसं नेहमी भेटतात. विरळ हवेत धाप लागली की तिथल्या डॉक्टरांना हीच माहिती लागते.

वय 13 ते 70. सहा आठवड्यांहून जास्त गरोदर असलेल्या बाईला परवानगी नाही. या दोन्हींत सवलत मागत बसू नका.

अर्जात पहलगाम किंवा बालटाल यांपैकी एक मार्ग निवडायचा असतो, आणि तो लोक विचार न करता निवडतात. पार्वतीला अमरकथा सांगायला निघालेल्या शंकरांनी वाटेत एकेक सोबती मागे ठेवला अशी कथा आहे: नंदी पहलगामला, चंद्र चंदनवाडीला, नाग शेषनागला, गणपती महागुणसला आणि पंचमहाभूतं पंचतरणीला. शेवटी गुहेत कथा ऐकली ती कबुतरांच्या जोडीने. कथेतली ही ठिकाणं पहलगामच्या मार्गावर आहेत. चंदनवाडीपासून पुढे 32 किलोमीटरची चाल आहे, वाटेत मुक्काम करावे लागतात. बालटालची वाट 14 किलोमीटरची, पण उभ्या चढाची, आणि तिच्यावर शेषनागचं तळं लागत नाही. ‘शेषनागला स्नान करायचंय’ म्हणणाऱ्या आजींच्या परवान्यावर बालटाल लिहिलेलं असलं, तर चंदनवाडीच्या फाटकावरून त्यांना परत फिरावं लागतं.

परवान्यावरची तारीखही अशीच चुकीची वाचली जाते. ती जम्मूला पोहोचायची तारीख नव्हे. त्या दिवशी चंदनवाडीचं किंवा बालटालजवळचं दोमेलचं फाटक ओलांडायचं असतं. रेल्वेची तिकिटं त्यावरून मागे मोजत काढा, आणि उशिराच्या गाडीसाठी एक दिवस हाताशी ठेवा.

‘श्रावणात जाऊ’ असं ठरवणाऱ्यांसाठी खास. उत्तरेचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि राखी पौर्णिमेला संपतो. यात्राही त्याच दिवशी संपते. म्हणजे आपली नारळी पौर्णिमा झाली की यात्रा आटोपली. 2025 साली ती 3 जुलै ते 9 ऑगस्ट अशी जाहीर झाली होती, आणि पावसाने वाट खराब झाल्यामुळे 3 ऑगस्टलाच थांबवावी लागली. आपल्या श्रावणी सोमवारांपैकी पहिलाच तिच्यात सापडला. आषाढातली तारीख मागा.

बाकी काम सोपं आहे. बोर्डाच्या संकेतस्थळावर किंवा ठरवून दिलेल्या बँक शाखेत नोंदणी करायची. आधार, फोटो, प्रमाणपत्र आणि शुल्क एवढंच लागतं. नाव अर्ज, आधार आणि प्रमाणपत्र या तिन्हीकडे एकसारखं ठेवा. आधारवर ‘सुमनबाई’ आणि प्रमाणपत्रावर ‘सुमन’ असलं की घोळ सुरू.

परवाना मिळाला तरी आरएफआयडी कार्ड, म्हणजे यात्रेकरू कुठे आहे ते कळण्यासाठीचं कार्ड, बाकी असतं. ते जम्मू-काश्मीरच्या केंद्रांवर आधार पडताळणी करून मिळतं, आणि त्याशिवाय फाटक उघडत नाही. शेतात, भांडी घासण्यात झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. म्हातारी माणसं खिडकीपाशी पुन्हापुन्हा अंगठा पुसत उभी राहतात. अशा घरच्यांचे ठसे आणि डोळे आधार केंद्रावर जाऊन नोंदणीच्या आधीच अद्ययावत करून घ्या, आणि मूळ आरोग्य प्रमाणपत्र व आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावर ठेवा, घोड्यावरच्या सामानात नको.