वाकडं घर, ओलं लाकूड

इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातल्या लिट्ल मोर्टन हॉलचा फोटो पाहिला की वाटतं, कॅमेराच तिरका धरला असावा. खंदकाच्या काठावरच्या या लाकडी घराच्या दक्षिण बाजूला सरळ रेघ शोधून सापडत नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी मोर्टन घराण्याने ते बांधायला घेतलं, आणि पुढच्या पिढ्या १६१० च्या सुमारापर्यंत त्यात भर घालत राहिल्या.

वाकडेपणाचं मूळ माथ्यावर आहे. दक्षिणेकडच्या भागाचं काम चालू असताना वर एक लांबलचक गॅलरी चढवायची टूम निघाली. बाहेर पाऊस असला की आतच फिरावं, खेळावं, एवढ्यासाठी ६८ फूट लांबीची खोली! (तिथल्या भिंतींना लावलेल्या लाकडी फळ्यांमागे पुढे जुने टेनिसचे चेंडू सापडले.) तिचं छप्पर दगडी फरश्यांचं. तो भार खालच्या मजल्यांच्या हिशेबात बहुधा धरलेलाच नव्हता.

तरी घर कोसळलं नाही. मला यातला सुताराचा भाग सगळ्यात रंजक वाटतो. हे सुतार ओकचं लाकूड ओलंच वापरत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारं कुसू, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. कुसवातलं भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा आवळला जातो. लोखंडी खिळे टाळण्यालाही कारण होतं: ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंड गंजतं आणि लाकूड काळं पडतं.

पुढची कामगिरी हवेची. ओक वाळताना लांबीत जवळपास आटत नाही, जाडीत मात्र चांगलाच आटतो, त्यामुळे चौकट पिळवटते. भाराखाली वाकलेली ओली तुळई तशीच वाळली, तर तो बाक कायमचा. पण खुंटीचे सांधे जरासे फिरतात, आणि एका खांबावरचा जादा भार शेजारच्यांवर जातो. चौकटींमधल्या जागा काटक्यांच्या विणीवर माती लिंपून भरलेल्या असत, म्हणजे आपल्याकडच्या कुडासारख्याच. त्याही थोडंफार हलणं सोसतात. अर्थात सगळं श्रेय ओकला देऊन चालणार नाही. गॅलरीला नंतर पोलादी सळ्यांचा आधार द्यावा लागला, आणि १९३८ पासून नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था हे घर सांभाळते आहे.

अशा घरांचा तो प्रसिद्ध काळा-पांढरा पोशाख मात्र बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली हौस आहे. उघडा ठेवलेला ओक उन्हापावसात रुपेरी करडा होतो.

चौकातल्या खिडक्यांवर १५५९ साल कोरलेलं आहे. आधी मालक विल्यम मोर्टनचं नाव, आणि त्याच लेखात पुढे, देवाच्या कृपेने या खिडक्या करणाऱ्या सुताराचं: रिचर्ड डेल.